तबकडीचे तबक

मराठीने ग्रामोफोनच्या रेकॉर्डला ‘तबकडी’ हे नाव दिले, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तबक होते हे उघड आहे. विड्याचे, हळदकुंकवाचे, निरांजनाचे जे पसरट तबक घरोघर असते त्याचेच हे लहान रूप. गाणे वाढून आणणारे ताट असा गोड अर्थ या शब्दातून काढण्याचा मोह होतो. पण नाव ठेवणाऱ्यांच्या मनात आकारसादृश्याखेरीज दुसरे काही नसावे. गेल्या काही वर्षांत मात्र या शब्दाचा प्रवास उलट दिशेने सुरू झालेला दिसतो. जुन्या तबकड्यांची खरोखरीची तबके होऊ लागली आहेत.

कृती सोपी आहे. व्हिनाइलची तबकडी भट्टीत, पाणी उकळते त्याच्या आसपासच्या उष्णतेवर, काही मिनिटे ठेवली की ती ओल्या पापडासारखी लवते. मग उपड्या भांड्यावर तिला पसरून कडा बोटांनी दुमडायच्या; निवाली की झाले फुलाच्या आकाराचे वाडगे. मधल्या छिद्रात घड्याळाचे यंत्र बसवले की भिंतीवरचे घड्याळ होते. त्यासाठी नवे भोक पाडावे लागत नाही, जणू ते त्याचसाठी ठेवलेले होते. बारीक करवतीने कापून कानांतली, बांगड्या, कंठ्यांची पदके होतात. अर्ध्या तबकडीची पिशवीला बाजू होते. मधल्या रंगीत कागदाची, म्हणजे लेबलाची, चकती पेल्याखाली ठेवायला होते. मुंबई, पुणे, बंगळूर अशा शहरांतील हस्तकलेच्या प्रदर्शनांत या वस्तू मांडलेल्या असतात, आणि त्यांना गिऱ्हाईक आहे. कच्चा माल जुन्या बाजारांतून, भंगारवाल्यांकडून, आणि घर रिकामे करताना माळ्यावरून खाली आलेल्या पेट्यांतून मिळतो.

यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. टाकाऊतून टिकाऊ करणे हा तर आपल्या आज्यांचा धर्मच होता. फुटक्या घागरीत तुळस लावणे, जुन्या लुगड्याची वाकळ शिवणे, तेलाच्या डब्याचे धान्याचे माप करणे ही कामे कोणी नीतिशास्त्र विचारून केली नाहीत. मग एक जुनी, खरखरणारी, जिला वाजवायला घरात यंत्रही उरलेले नाही अशी तबकडी वितळवून कोणी तिचे वाडगे केले, तर त्यात कोणाचे काय बिघडले? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला ‘आमच्या भावना दुखावतात’ एवढे उत्तर पुरणार नाही. भावना हा पुरावा नव्हे. ती फार तर साक्षीदाराला बोलावण्याची हाक असते. साक्षीदाराने पुढे येऊन काही सांगावे लागते.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळची जी तबकडी, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी, ती लाखेची होती. लाख हे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या किड्याचे लेणे. छोटा नागपूरच्या रानांतून ती गोळा होई. आपल्याकडे तिचा उपयोग जुनाच: सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरतो, सावंतवाडीचे कारागीर लाकडी खेळण्यांवर लाखेचे रंग चढवतात, आणि पांडवांना जाळण्याकरिता दुर्योधनाने जे घर बांधविले ते लाखेचे, हे तर मुलांनाही ठाऊक असते. या लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबली जाई. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, ते तबकडीवर उठवण्याकरिता जर्मनीत हानोव्हरला पाठवावे लागले. भारतातली लाख समुद्रापार जायची आणि भारतातलाच आवाज अंगावर घेऊन माघारी यायची, असा हा व्यापार. १९०८ साली कलकत्त्यात सियालदा येथे कारखाना निघाला तेव्हा ही यात्रा थांबली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्या अवधीत बंदिश बांधून दाखवायची आणि शेवटी आपले नाव उच्चारायचे, हा त्या आरंभीच्या मुद्रणांचा रिवाज. परदेशच्या कारखान्यातल्या कामगारास कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून तो पडला, असे सांगतात. पण आज ती नावे ऐकताना वाटते की प्रत्येक गायिका आपली सही करून गेली.

व्हिनाइल नंतर आले. १९४८ साली अमेरिकेत त्याची दीर्घ तबकडी निघाली. एका बाजूस वीस-पंचवीस मिनिटे, आणि हातून पडली तरी फुटत नाही. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या १९७० च्या आसपासपर्यंत चालू राहिल्या. पुढे कॅसेट आली आणि दोन्ही प्रकार माळ्यावर गेले. वाडगे करणाऱ्याला व्हिनाइल सोयीचे, कारण ते लवते. लाखेची तबकडी ऊन लागताच मऊ होते खरी, परंतु बेभरवशाची. तिला तडे जातात. म्हणून तिच्यावर रंग देऊन, चित्रे काढून तिला भिंतीवर टांगतात. खोबणी रंगाने बुजल्या की मग ती वाकवली काय आणि न वाकवली काय, सारखेच.

वस्तूंचे रूपांतर हा आपल्या तत्त्वज्ञानाचा फार जुना विषय. छांदोग्यात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचे उदाहरण देतो. मातीचा एक गोळा कळला की मातीचे सगळे कळते. घट, परळ, पणती हे केवळ विकार, नावापुरते. खरी ती माती. या दृष्टीने पाहिले तर तबकडी काय आणि वाडगे काय, दोन्ही एकाच द्रव्याची दोन नावे. एक गेले, दुसरे आले, शोक कशाचा? वाडगे करणाऱ्याच्या बाजूने याहून थोर वकील मिळणार नाही.

पण हा दृष्टांत तबकडीपाशी येऊन अडतो. मातीचा गोळा जाणला म्हणजे घट जाणला, हे ठीक. पण लाखेचा गोळा जाणला म्हणजे तबकडी जाणली असे कोणी म्हणू शकेल काय? लाखेच्या सगळ्या गुणधर्मांचा अभ्यास करून एखाद्याला भैरवीचा एक स्वरही कळणार नाही. घटाचा आकार पाणी धरण्यापुरता असतो, एक फुटला तर कुंभार दुसरा तसाच करून देतो. तबकडीवरची ती केसाएवढी खोबण, बाहेरून आत सर्पिल उतरत गेलेली, ही कोणत्याही कुंभाराला पुन्हा करता येत नाही. कारण ती एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट कंठातून निघालेल्या हवेच्या कंपाने कोरली गेली. इथे द्रव्य गौण आणि विकार मुख्य. उद्दालकाच्या शिकवणीला यामुळे बाध येत नाही. तो बोलत होता सत्तेविषयी, आपण बोलत आहोत वहिवाटीविषयी. परंतु ‘शेवटी सगळे प्लास्टिकच’ असे म्हणून जो हात झटकतो त्याला उपनिषदाचा आधार घेता येणार नाही, एवढे खरे.

मीमांसक आणि नैयायिक यांचा शब्दाविषयीचा जुना वाद येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. मीमांसकांच्या मते शब्द नित्य. उच्चाराने तो उत्पन्न होत नाही, फक्त प्रकट होतो. नैयायिक म्हणतात, शब्द उपजतो आणि तत्क्षणी नाश पावतो. मीमांसकाला विचारावे की तबकडी वितळवली तर काय गेले? तो म्हणेल, शब्द गेला नाही, त्याला प्रकट करणारे एक साधन गेले. नैयायिक म्हणेल, शब्द तर ज्या दिवशी उमटला त्याच दिवशी गेला. तबकडीत होता तो त्यासारखा दुसरा शब्द उपजविण्याचा एक हेतू. दोघांची भांडणे शतकानुशतके चालली, पण या एका प्रश्नावर दोघेही एकाच जागी येतात: नाश झाला तो गाण्याचा नव्हे, गाणे पुन्हा ऐकू येण्याच्या शक्यतेचा. आणि शक्यतेचा नाश हा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे करणाऱ्याला तो झाल्याचे कळतही नाही. कापलेले झाड आडवे पडलेले दिसते; वितळलेल्या तबकडीच्या जागी तर एक सुबक वाडगे उभे असते.

वाकळीचा दाखला मघाशी आला. तो जरा नीट तपासला पाहिजे, कारण तो आपल्या मुलखातला आहे. सुप्याच्या, हल्ल्याळच्या, यल्लापूरच्या रानांत जे सिद्दी लोक राहतात, त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे एकावर एक लावून मोठी देखणी गोधडी शिवतात. तिला कवंदी म्हणतात. कडेकडेने शिवत शिवत मध्याकडे यायचे, आणि कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी फुले लावायची. ही कला आता दूरदूरच्या संग्रहालयांत पोचली आहे. कवंदीत लुगडे मरते काय? लुगड्याचे काम अंग झाकणे, ऊब देणे. ते विरले, नेसवेना, तेव्हा त्याचे तुकडे पुन्हा ऊबच देऊ लागले. त्याचा धर्म चालू राहिला, देह बदलला. ज्या पोराच्या अंगावर ती पडते त्याला आजीच्या लुगड्याची काठपट्टी ओळखूही येते.

तबकडीच्या वाडग्याचे तसे नाही. येथे देह राहतो, धर्म जातो. आणि गंमत अशी की, धर्म गेल्यानंतरही किंमत त्या धर्माचीच लावलेली असते. काळ्या प्लास्टिकच्या साध्या वाडग्याला कोणी विचारणार नाही. हे वाडगे विकले जाते ते एके काळी गाणे होते म्हणून. मधले लेबल मुद्दाम राखलेले असते, त्यावरचे नाव वाचता यावे म्हणून. शिकाऱ्याच्या दिवाणखान्यात सांबराचे शिंग असते त्याची येथे आठवण होते. सांबराविषयी आदर नाही असे तो शिकारी कधीच म्हणणार नाही. उलट त्याला आदर आहे म्हणूनच ते भिंतीवर आहे.

ही उपमा कडक झाली, हे मान्य. सगळ्याच तबकड्या सांबरे नव्हेत. एखाद्या लोकप्रिय चित्रपटाच्या हजारो प्रती निघाल्या; त्यातली एखादी मधोमध चिरली, सुई जिथे तिथे अडकते, तीच ओळ पुनःपुन्हा म्हणते. अशीचे घड्याळ झाले तर ते मेलेल्या सांबराचे शिंगही नव्हे. गळून पडलेले शिंग आहे. रानात सापडले, उचलून आणले. त्यात पाप शोधणाऱ्याने दुसरा उद्योग पाहावा. शिवाय ज्या हातांनी ते घडवले त्यांना त्यावर चार घास मिळतात, ही गोष्ट हलकी समजण्याचे कारण नाही. हाताने काही करणारी माणसे आधीच थोडी उरली आहेत.

मग रेषा कोठे ओढायची? मला वाटते, याचा विचार आपल्या देवस्थानांच्या लोकांना इतरांपेक्षा सोपा जावा, कारण त्यांच्या शास्त्रात आणि व्यवहारात तो आधीच होऊन गेलेला आहे. मूर्ती भंगली तर तिची पूजा होत नाही. तिचे विसर्जन होते. मंदिर जीर्ण झाले तर ते उतरवून पुन्हा बांधतात. पण उतरवण्यापूर्वी काय करतात? मूर्तीतील देवत्व विधिपूर्वक कलशात आवाहन करून घेतात. ते कलशात आले, बालालयात त्याची नित्यपूजा लागली, म्हणजे मग गवंड्याने पहार लावावी. त्याआधी त्याच दगडांना पहार लावणे हा विध्वंस, त्यानंतर लावणे हा जीर्णोद्धार. दगड तेच, पहार तीच, गवंडीही तोच. फरक एवढाच की मधे एक कलश भरला गेला.

आणि मालकीचा मुद्दा. मंदिराची जमीन, दागिने, भांडी ही महाजनांची नसतात, देवाची असतात. कायद्यानेही देवाला व्यक्ती मानले आहे आणि त्याची मालमत्ता सांभाळणारे ते वहिवाटदार. वहिवाटदाराला उपभोग आहे, व्यवस्था आहे, पण नासाडीचा अधिकार नाही. एखाद्या गायिकेची शेवटची उरलेली तबकडी ज्याच्या माळ्यावर आहे, त्याने ती पैसे देऊन घेतली असेल, बापाकडून वारशाने आली असेल. तरी तो तिचा मालक कितपत आणि वहिवाटदार कितपत, याचा विचार त्याने करावयास हवा. ही केवळ कल्पना नव्हे. जुन्या लाखेच्या तबकड्यांची मूळ धातूची मुद्रा कित्येक बाबतींत आज अस्तित्वात नाही. कोण्या संग्राहकाकडे उरलेली प्रत, एवढाच त्या आवाजाचा पत्ता. मुंबईत १९९० साली भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था स्थापन झाली ती याच काळजीतून. त्यापूर्वी शंभर वर्षांपासून कागदांच्या बाबतीत हेच चालले होते. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे जमवली, १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यांच्या हाती जे लागले नाही ते किती घरांत पुड्या बांधायला गेले असेल! वाण्याने त्या कागदात जिरे बांधले यात त्याचा काय दोष? त्याला मोडी वाचता येत असेलही, पण तो वाचायला बसला नव्हता.

महायुद्धाच्या काळात अमेरिकेत एक प्रकार झाला तो येथे सांगण्याजोगा आहे. १९४२ साली तेथील सरकारने लाखेच्या वापरावर कडक मर्यादा घातली, कारण लाख हिंदुस्थानातून यायची आणि समुद्र धोक्याचा झाला होता. तेव्हा नवी तबकडी हवी असेल तर जुनी आणून द्या, असे दुकानदार गिऱ्हाइकांना सांगू लागले. जुन्या दळून नव्या केल्या. एका आवाजाची माती करून तिच्यावर दुसरा आवाज. उलट, त्याच महायुद्धानंतरच्या वर्षांत लेनिनग्राडमधल्या काही तरुणांनी सरकारने वर्ज्य ठरवलेले संगीत इस्पितळातून टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मवर कोरून घेतले. कोणाच्या बरगड्या, कोणाची कवटी, आणि त्यावर गोल फिरणारे गाणे. टाकाऊ कशाला म्हणावे हे शेवटी वस्तूकडे पाहून ठरत नाही. त्या वस्तूत कोणाला काय हवे आहे त्यावरून ठरते.

आता सुप्याकडे वळतो, कारण ही सगळी चर्चा करीत असताना ते गाव मनातून जात नाही. काळी नदी आपल्याच तालुक्यात, डिग्गीच्या रानात उगम पावते. ती पांढरी नदीला जिथे भेटे तिथे सुपा होते. एके काळी तालुक्याचे ठाणे. आज तालुक्याला जोयडा म्हणतात, कारण सुपा पाण्याखाली आहे. काळीवर जे १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ च्या सुमारास पुरे झाले, त्याला नाव तेवढे सुप्याचे दिले. माणसे उठली, पुष्कळशी लोंढ्याजवळ रामनगरला वसवली गेली. त्या पाण्यापासून वीज होते, पुढे नागझरीच्या वीजगृहात आणखी होते, आणि त्या विजेवर कर्नाटकातली कितीतरी घरे उजळतात. आज गणेशगुडीला नदीत होड्या घालून खेळायला पाहुणे येतात.

नीट पाहिले तर सुप्याचे जे झाले ते तबकडीचेच झाले. एका वस्तीचे, जिला स्वतःचे बोलणे होते, वाटा होत्या, पारावरच्या गप्पा होत्या, तिचे पाणी धरणारे एक मोठे वाडगे केले गेले. आणि लेबल राखून ठेवले. ‘उपयोग’ या शब्दाने ते केले. तो उपयोग खोटा नाही. वीज खरी आहे. ज्यांच्या घरात त्या विजेवर दिवा लागतो त्यांनी उठून वाडगे करणाऱ्या कारागिराला ‘तू आवाज मोडलास’ म्हणावे, यात मला थोडा संकोच वाटतो. आपण मोठ्या प्रमाणावर जे स्वीकारले तेच तो लहान प्रमाणावर करतो आहे.

तथापि ज्यांनी गाव सोडले त्यांना विचारा. गाव गेले ते गेलेच, राष्ट्राला हवे होते म्हणतात, असे ते म्हणतील. पण जाताना देव उचलून नेले, हे ते आधी सांगतील. जुन्या घराची दारे-खिडक्या काढून नेल्या, तुळशीवृंदावन नेले. जेवढे कलशात मावले तेवढे घेतले. न मावलेले खाली राहिले, आणि त्यात आवाज मुख्य. ग्रामोफोन कंपन्यांची यंत्रे शहरांतल्या गायिकांकडे, नाटक मंडळ्यांकडे गेली. रानातल्या गावांच्या जात्यावरच्या ओव्या, शिगम्याची गाणी, म्हाताऱ्यांच्या बोलण्याची ती मराठी-कोंकणीच्या मधली लकब, यांची तबकडी कोण काढणार? म्हणून ज्या आवाजांची तबकडी निघाली ते आवाज अपवादाने वाचलेले आहेत, ही गोष्ट सुप्यासारख्या ठिकाणी बसून अधिक ठळक दिसते.

सरहद्दीपलीकडे गोव्यात याची जोडगोष्ट आहे. सांगे तालुक्यातले कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेले. तेथील महादेवाचे जुने दगडी देऊळ पुरातत्त्व खात्याने चिरा न् चिरा सोडवून दुसरीकडे पुन्हा उभे केले. बाकीचे पाण्याखाली. दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरते, गावाची जोती उघडी पडतात, आणि वाडे, वालकिणी अशा ठिकाणी वसलेले लोक तिथे जाऊन सोमेश्वराची जत्रा करतात. ख्रिस्ती गावकरीही आपल्या कोपेलापाशी जमतात. या कुर्डीतच १९०४ साली मोगूबाई जन्मल्या. त्यांच्या नावातच ते गाव आहे: कुर्डीकर. त्यांच्या तबकड्या थोड्याच निघाल्या. आता समजा, एखाद्या पेटीत त्यांतली एक सापडली आणि कोणी तिचे घड्याळ केले. कुर्डी वर्षातून काही दिवस तरी वर येते.

येथे एक प्रतिपक्ष मांडला पाहिजे, आणि तो दुबळा नाही. मोगूबाईंचे आणि केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब. १९४६ साली ते वारले. खाँसाहेबांनी आपला आवाज तबकडीला दिला नाही. तरी जयपूर घराणे बुडाले नाही. शिष्यांच्या गळ्यातून ते वाहत राहिले. म्हणजे कलश तबकडीच असला पाहिजे असे नाही. तो मनुष्यही असू शकतो, आणि मनुष्यरूपी कलश अधिक श्रेष्ठ, कारण तो भरता भरता वाढतो. मग तबकड्यांचे एवढे स्तोम का? याला माझे उत्तर असे की खाँसाहेबांनी न देणे आणि आपण दिलेले मोडणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. मौन हा त्यांचा अधिकार होता. केसरबाईही मुद्रणाच्या बाबतीत चोखंदळ होत्या. त्यांनी जे दिले ते विचार करून दिले. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत गेली. गोव्यातल्या केरी गावची बाई. तिचा आवाज २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडला. कोण ऐकणार आहे ते कोणालाच ठाऊक नाही. तरी पाठवणाऱ्यांनी सोबत सुई दिली आणि ती कशी लावावी याचे चित्रही कोरून दिले. ऐकणारा कधीतरी भेटेल एवढ्याच भरवशावर.

तेव्हा वाडगे करण्यास माझा विरोध नाही. न ऐकता करण्यास आहे. हा विरोध कारागिराला जितका लागू तितकाच, किंबहुना अधिक, पेटी विकणाऱ्याला. कारागिराच्या हाती ती येते तेव्हा वजनावर आलेली असते. समजा, एखाद्या देवस्थानाच्या कोठीत जत्रेच्या दिवसांत कर्ण्यावर लावायच्या तबकड्यांची पेटी पडून आहे. भजने, अभंग, नाट्यपदे. काहींवर वाळवीने लेबल खाल्लेले. कार्यकारी मंडळाच्या सभेत विषय निघतो: जागा अडते, एक बाई येऊन विचारून गेली, दर बरा देते, वस्तू करून विकणार आहे. सूचक उभा राहतो, अनुमोदक उभा राहतो. येथे कोणीतरी ‘थांबा’ म्हणावयास हवे आणि तसे म्हणण्यासाठी संगीत कळण्याची गरज नाही. वाजवणारे यंत्र आजही मिळते. एकदा वाजवून तिचा आवाज दुसऱ्या साधनावर उतरवून घेणे हे काही जीर्णोद्धारासारखे खर्चाचे काम नाही. गावातला एखादा कॉलेजात जाणारा मुलगा ते एका सुटीत करील. ते झाले, ज्या दुर्मीळ वाटतात त्या जाणकारांना दाखवल्या, मग उरलेल्या चिरलेल्या, घासलेल्या, हजारोंनी निघालेल्या त्या बाईला खुशाल द्याव्यात. आणि तिने केलेले एखादे तबक सभेच्या टेबलावर ठेवावे. मात्र त्यात प्रसाद किंवा खाण्याचा पदार्थ ठेवू नये. जुन्या व्हिनाइलमध्ये शिशासारखी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि ते अन्नाकरिता केलेले नाही. भट्टीत फार तापवले तर त्याचा धूरही घातक. हे त्या बाईला सांगावे.

कोणती दुर्मीळ आणि कोणती नव्हे हे ठरवणार कोण, अशी शंका राहते. सुपा नावाची व्युत्पत्ती काहीही असो, कानाला त्यात सूप ऐकू येते. पाखडण्याचे काम आले की फोल आणि दाणा ओळखणारा हात लागतोच. आजचा फोल उद्याचा दाणा ठरतो अशी उदाहरणे आहेत. कोण्या अप्रसिद्ध कीर्तनकाराची तबकडी, गायिका म्हणून जिचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही अशा बाईची तबकडी, ही बाजारात सर्वांत स्वस्त असते आणि म्हणूनच सर्वांत आधी भट्टीत जाते. प्रसिद्धांना त्यांची प्रसिद्धी वाचवते. तेव्हा पाखडणाऱ्याने नाव ओळखीचे आहे की नाही एवढ्यावरून निवड करू नये. ओळखीचे नाही तीच आधी बाजूला काढावी.

लेबल वाळवीने खाल्ले असले तरी हताश होण्याचे कारण नाही. तबकडीच्या मध्याजवळ, खोबणी संपतात आणि गुळगुळीत पट्टा लागतो तिथे, मुद्रणाच्या वेळचा क्रमांक उठवलेला असतो. तबकडी खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरली की तो वाचता येतो, आणि त्या क्रमांकावरून जाणकार गाणे, गायक, साल काढू शकतात. वहीत एका खाली एक ते क्रमांक उतरून ठेवायला, पेटी फार मोठी नसेल तर, एक दुपार पुरते.